गेरू मारलेली बोट

मल्हारीच्या कानफटात पहिली बसली ती चहाच्या टपरीवर, भर सकाळी, आन् कशापायी बसली हेच त्याला कळंना. कपातला चहा शर्टावर, कानात शिट्टी, आन् म्होरं बघतो तर सार्थक. बापूसाहेबांचा सार्थक. नदीच्या ह्या शिरूरकडच्या अंगाला ज्याच्या बापाला इचारल्याबिगर वाळूची पाटी हलत न्हाई, तो. शाळंत मल्हारीच्याच बाकावर बसायचा, डबा पण ह्याचाच खायचा.

"व्हिडिओ काढून टाक," सार्थक म्हनला.

"कंचा व्हिडिओ?"

दुसरी बसली. आता बाकड्यावरची समदी मान्सं पेपरात तोंड घालून बसली, आन् पेपर कालचा व्हता.

"बोटीचा. काढ फोन."

मल्हारीनं फोन काढला. सार्थकनं तो त्याच्या हातातनं घेतला, फरशीवर टाकला आन् बुटाच्या टाचंखाली असा दाबला की काच पापडागत वाजली. "बोट मी घेतो," म्हनला. "दुपारी मान्सं पाठवतो. गुमान दे."

"घे की," मल्हारी गाल चोळत म्हनला. "चल, आधी बघून घे, खोडी दावतो."

"मला बघायची न्हाई."

आन् तितंच मल्हारीच्या डोक्यात काहीतरी खुट्ट झालं. मार खाल्ला त्याचं न्हाई. पन जुनी बोट न बघता घेनारा मानूस त्यानं जन्मात बघितला न्हवता.

आता हे समजायला आपल्या काठाची रीत ठावी पायजे. जुनी बोट इकायची तर ती काठावर पालथी घालायची, आन् गिऱ्हाईक यायच्या आधी इकनाऱ्यानं सोताच्या हातानं तिच्या खोडीवर गेरूचे गोल काढायचे. चीर असंल तितं गोल, ठिगळ असंल तितं गोल. गोल न काढलेली खोड मागनं घावली, तर बोट माघारी, आन् इकनाऱ्यानं तिच्यात झिरपलेलं पानी चारचौघांत प्यायचं. वाळूचा धंदा आला आन् ही रीत गेली. आता वरनं रंगाचा हात मारत्यात आन् खपवत्यात.

मल्हारीला शिरूरला मोटार रिवायंडिंगच्या दुकानात लागायचं व्हतं. नदीवर यायला येळ उरनार न्हवता, म्हून फायबरची बोट इकायला काढली. पोरं म्हनली, मार रंग, टाक ग्रुपला. ह्यो म्हनला, न्हाई, गेरू मारूनच इकनार. पोरांनी लई टिंगल केली. "मल्ह्या, गिऱ्हाईक कसं पळवायचं ह्याचा क्लास काढ." ह्यानं ऐकलं न्हाई. इंजान उतरवून घरी ठिवलं, बोट पालथी घातली, ग्राइंडर लावला आन् वरचा निळा रंग खरवडून काढला.

ह्यो निळा रंग त्याचा न्हवताच. गेल्या पावसाळ्यात सार्थकनं बोट भाड्यानं नेली व्हती, वाळूवर डिझेल आन् मान्सं न्यायला. गेली तवा हिरवी, आली तवा निळी. आता तुमी म्हनाल, भाड्यानं नेलेली वस्तू कोन रंगवून माघारी देतं? पन वाळूवरची बोट रंग बदलूनच येती. धाड पडली की सायेब लोक हिरवी बोट हुडकत्यात, म्हून हे लोक रातोरात निळी करत्यात. हे गावातल्या शेंबड्या पोरालाबी ठावं. म्हून मल्हारीला काय वाटलंच न्हाई. उलट खूश झाला गडी, फुकटात रंग झाला म्हून.

तर ग्राइंडरखाली निळा गेला, आन् बोटीच्या नाकावर कोपरभर लांब ठोकर निघाली. वरनं फायबरचं ठिगळ मारलेलं. ठिगळाच्या कडंला, चिरंच्या आत, पिवळाजर्द रंग. मल्हारीनं नखानं खरवडला, निघंना. मग त्यानं तितंबी गोल मारला आन् ग्रुपला टाकायचा व्हिडिओ काढला, त्यात सरळ बोलला, "नाकाला ठोकर हाय, मी केलेली न्हाई पन हाय. आतमधी पिवळं काय घुसलंय, मला ठावं न्हाई. पन हाय."

पोरांना वाटलं आता कुत्रं इचारनार न्हाई ह्याला. झालं उलटंच. कवठे येमाईपासनं कासुर्डीपर्यंत फोन. कुनाला शेततळ्यात मासं सोडायचं व्हतं, कुनाला जाळी लावायला पायजे व्हती. जो तो म्हनायचा, एवढं दावलंय म्हंजी दडवलेलं कायबी न्हाई, आमी येतो. ग्रुपमागून ग्रुप फिरत व्हिडिओ नदीच्या पल्याड दौंडात गेला. सार्थकनं फोन फोडून काय उपेग न्हवता, पन चिडलेल्या मान्साला कायतरी फोडायला लागतंच.

टपरीवरनं मल्हारी तडक काठावर आला. तर बोटीपाशी दोन मान्सं आधीच हजर. एक म्हातारे गृहस्थ, पांढरा शर्ट, हातात मोटारसायकलची चावी. आन् एक पोरगी, पंचविशीतली, गुडघ्यावर बसून बोटीच्या नाकावरनं हात फिरवत व्हती. आंधळ्यानं चेहरा चाचपावा तशी.

"या काका, या ताई," मल्हारी म्हनला, गाल सुजलेला तरी गिऱ्हाईकाम्होरं हसला. "नीट बघून घ्या. हितं बघा, बुडाला..."

पोरगी उठली आन् तिनं त्याच्या त्याच गालावर अशी ठिवून दिली की गडी वाळूवर बसलाच. त्या दिवशी त्या गालाला सुट्टीच न्हवती.

"नागसेन," ती म्हनली. "नाव आठवतंय का?"

मल्हारीला आठवना. कसं आठवंल, ठावंच न्हवतं. म्हातारे बबनराव, ही त्यांची लेक दीक्षा, आन् नागसेन तिचा थोरला भाऊ. पल्याडच्या काठाला राहनार. नागसेन कुरकुंभला कंपनीत शिफ्टला, आन् सुट्टीच्या दिशी छोट्या लाकडी होडीतनं जाळं टाकायचा. कंपनीत पायऱ्यांच्या रेलिंगला जो पिवळा मारत्यात, त्याचा उरलेला डबा त्यानं मागून आनला आन् होडी रंगवली. ह्यो रंग ॲसिडनं जात न्हाई, नखानं काय जानार. गेल्या पावसाळ्यात होडी फुटलेली घावली आन् नागसेन खाली बंधाऱ्याला घावला. कागदावर लिवलं, होडी भोवऱ्यात उलटली.

"भोवरा डोकं फोडत न्हाई," दीक्षा म्हनली. "कवटी मागनं फुटलेली. मी बघितलीया. मीच पुसलीया."

मल्हारीनं गोलाकडं बघितलं, सोताच्या हातानं काढलेल्या. मग एका दमात समदं सांगितलं, भाडं, पावसाळा, हिरव्याचा निळा, टपरीवरची सकाळ. बबनराव खालीच बसले. दीक्षानं फकस्त एवढंच इचारलं, "बोटीवर सोता सार्थक व्हता?"

"नेली त्यानं, आनून लावली त्यानं. मधी कोन व्हतं, मी न्हाई बघितलं. खोटं कशाला बोलू."

"बोट आमाला पायजे," बबनराव म्हनले. "पल्याड न्यायची, वकिलाला, सायबांना, समद्यांना दावायची. सांग किंमत."

"काका, न्या तशीच. लाज वाटती मला."

"न्हाई." म्हातारा ठाम. "फुकट नेली तर उद्या म्हनतील चोरली. इकत दे. चांगली ठोकून इकत दे."

खिशात हात घालून त्यांनी विसार मल्हारीच्या हातावर ठिवला. विसार पडला की बोट घेनाऱ्याची, पन त्याच्या काठाला पोचती करायची ती इकनाऱ्यानं, ही पन रीतच. बबनराव म्हनले, मी पुलावरनं जातो, पोलीस सायबांना कळवतो, घाटावर मान्सं गोळा करतो. दीक्षा हलंना. म्हनली, बोट डोळ्याआड करायची न्हाई मला. मोटारसायकल धूळ उडवत गेली.

दोघांनी बोट सुलटी केली, पानी उपसायचा कापलेला डबा आत टाकला. ढकलत ढकलत मागची बाजू पान्यात, नाक वाळूवर. मल्हारी वल्ही आनायला वळला, आन् काठावरनं पिकअप खाली आला.

सार्थक उतरला. संगं दोघं, एक जाडा आन् एक दाढीवाला. जाड्याकडं डिझेलचा कॅन, सार्थककडं पहार. सार्थकनं आधी दीक्षाकडं बघितलं आन् त्याच्या तोंडाचा रंगच बदलला. वळखलं त्यानं तिला, नागसेनची भन म्हून.

"अस्सं," म्हनला. "मल्ह्या, आपल्यातला असून पल्याडच्यांना बोट देतो व्हय रे?"

"त्यांनी बघून घेतली. तुला बघायची न्हवती."

पहारीचा टोला मांडीवर बसला. हाड न्हाई मोडलं, पन पाय जनू दुसऱ्याचा झाला. मल्हारी कोसळला. दाढीवाल्यानं केस धरून त्याची मान वर केली आन् दुसऱ्या हातानं फोन त्याच्या तोंडाम्होरं धरला. चालू केला.

"बोल," सार्थक म्हनला. "म्हन, मी मस्करी केली व्हती. बोट चांगली हाय, तिला कायबी झालेलं न्हाई. एवढं बोल आन् घरी जा. बास."

मल्हारीनं थुंकी गिळली, ती रक्ताची व्हती. फोनकडं बघितलं.

"मंडळी," म्हनला, "बोट बघा. बुडाला चिरा हायत, गोल मारलेत."

बुटाची लाथ बरगडीत.

"डाव्या कडंला ठिगळ हाय. ते माजंच हाय."

लाथ. ह्यावेळी आवाज आला आतनं, वाळकी काटकी मोडल्यावानी.

"नाकाला ठोकर हाय," मल्हारी म्हनला, आता शब्द शिट्टीतनं निघत व्हते, कारन म्होरचा दात गेला व्हता. "गेल्या पावसाळ्यात बोट सार्थककडं भाड्यानं व्हती. तवाची. आत पिवळं घुसलंय. आता मला ठावं हाय ते काय हाय."

दाढीवाला फोन बंद करायचं इसरूनच गेला. सार्थकनं त्याला शिवी घातली, जाड्याच्या हातातला कॅन हिसकला आन् बोटीच्या नाकावर डिझेल वतलं, भडाभडा. लायटर काढला.

तितं दीक्षा हलली. एवढा येळ गप उभी व्हती ती भ्यालेली म्हून न्हाई, वल्ह्यापाशी सरकत व्हती म्हून. लाकडी वल्हं, पात्याला लोखंडी पट्टी. तिनं ते उभंच्या उभं जाड्याच्या गुडघ्यावर घातलं आन् ते धूड आडवं झालं, बोंबलत. दाढीवाला वळला तर त्याच्या जबड्यावर पात्याची कड बसली. फोन त्याच्या हातातच ऱ्हायला, दात न्हाई ऱ्हायले.

मल्हारी रांगत गेला आन् सार्थकच्या पायांना मिठी घातली, दोघंबी पडले. लायटर पडला. पेटताच पडला. वाळूवर सांडलेलं डिझेल पेटतंय पेटतंय म्हनेपर्यंत भडकलं, मल्हारीच्या बाहीनं पेट घेतला, सार्थकच्या प्यांटीच्या बुडालाबी. दोघं एकमेकाला हानत हानत इझवत व्हते, असं बघितलं तर हसू आलं असतं कुनालाबी. हितं हसायला कोन न्हवतं.

"ढकल," दीक्षा वरडली.

मल्हारीनं जळकी बाही पान्यात बुचकळली, एका पायावर उभा ऱ्हायला आन् खांदा लावला. नाकावरच्या डिझेलला जाळ लागायच्या आत बोट सरकली. जाळ वाळूवर ऱ्हायला, बोट पान्यात गेली, आन् मल्हारी-दीक्षा आत पडले. दीक्षानं वल्हं मारलं. दाढीवाला आन् जाडा जाळाच्या पल्याड अडकलेले, एकाला चालता येईना, एकाला बोलता.

सार्थक मातुर आला. पहार घिऊन, छातीभर पान्यात धावत आला आन् एका हातानं बोटीचं नाक धरलं. दुसऱ्या हातानं त्या ठिगळावर पहार हानाय लागला. त्याला मान्सं मारायची न्हवतीच आता. त्याला ती ठोकर फोडायची व्हती, तुकडं तुकडं करून नदीत घालवायची व्हती. एक टोला, दोन टोले, ठिगळ तडकलं. पानी आत आलं, पिचकारीगत.

आन् ठिगळाचा पापुद्रा उचकटला तसं आतनं दिसलं. तळहाताएवढी पिवळी फळी, बोटीच्या नाकात रुतून बसलेली. लपवायला भरलेलं त्यानं सोताच उघडं केलं.

तिसऱ्या टोल्याला पहार गेली. कारन पायाखालची जमीनच गेली. त्या जागी वाळू उपसून उपसून तळ उरलेला न्हवता, बापूसाहेबांच्याच मशिननी खाल्लेला. सार्थक डोक्याइतका खाली गेला, वर आला आन् दोन्ही हातांनी बोटीला लोंबकळला. डोळे पांढरे.

"मल्ह्या, वर घे," म्हनला. "पवता येत न्हाई मला नीट, तुला ठावं हाय."

मल्हारीला ठावं व्हतं. पन वल्हं दीक्षाच्या हातात व्हतं. ती नाकापाशी गेली आन् त्याच्या डाव्या हातावर वल्हं घातलं. बोटं चिरडली. तो हात सुटला, पान्यात लाल रेघ पसरली. आता एकाच हातावर.

"नागसेननं बोट धरली व्हती?" तिनं इचारलं. आवाज एकदम बारीक, घरात इचारावं तसा.

"मुद्दाम न्हाई मारली मी. अंधार व्हता. धाड आलेली, मी पळवत व्हतो..."

"त्यानं बोट धरली व्हती का?"

सार्थक पानी प्याला, खोकला. "धरली व्हती."

"मग?"

"त्यानं मला नावानं हाक मारली. त्यानं वळखलं मला." आन् तो रडाय लागला. "वल्हं व्हतं हातात."

बोटीत घोट्याएवढं पानी झालं व्हतं. मल्हारीनं बघितलं, दीक्षानं वल्हं वर उचललंय, सरळ डोक्याच्या वर. त्यानं हात लांब केला न्हाई, तेवढं बळच न्हवतं त्याच्यात. एवढंच म्हनला, "ताई, बोट बुडतीया. मी वल्हं मारतो, पानी काढायला एक मानूस पायजे."

दीक्षानं खाली बघितलं, पानी पोटरीला लागलं व्हतं. मग तिनं वल्हं मल्हारीकडं फेकलं, खाली वाकली, सार्थकची कॉलर दोन्ही हातांनी धरली आन् त्याला जाळ्यातल्या माशागत आत वढलं. तोंडावर पडला. तिनं डिझेलचा अर्धा कापलेला डबा त्याच्या छातीवर आपटला.

"उपस," म्हनली. "ही बोट बुडाली तर तुला पयला खाली दाबीन."

आन् बापूसाहेबांचा सार्थक, एका हाताची बोटं मोडलेली, दुसऱ्या हातानं पानी उपसाय लागला. मल्हारी वल्हं मारायचा, दर वल्ह्याला बरगडी आतनं सुरीगत टोचायची. पानी निम्मं बाहीर जायचं, निम्मं आत यायचं. मधी धार लागली तवा बोट तिरकी झाली, सार्थक आईच्या नावानं वरडला. दीक्षा नाकात पाठ लावून बसली, ती पिवळी फळी पाठीनं दाबून, पानी कमी यावं म्हून.

पल्याडचा घाट मान्सांनी काळा झालेला. बबनराव म्होरं, मागं बाया, पोरं, जाळीवाले, कुनाकडं दगड, कुनाकडं कोयता. बोट गाळात रुतली तशी दीक्षा उतरली आन् बाभळीच्या खोडाला दोर आवळला, गाठीवर गाठ. मग म्हाताऱ्याला जवळ घिऊन नाक दावलं. बबनरावांनी त्या पिवळ्यावर हात टेकवला आन् माघारी घेतला, चटका बसल्यावानी. गर्दीला ते दिसलं. ती जवळ सरकली. पयला दगड आला तो सार्थकच्या खांद्यावर बसला.

सार्थक उतरला न्हाई. बोटीच्या पार मागं सरकला, मल्हारीच्या मांडीला चिकटून बसला, लहानपनी बाकावर बसायचा तसा. दात वाजत व्हते त्याचे.

"मल्ह्या," म्हनला, हळूच. "दोर तोड. मला माघारी ने. तू म्हनशील ते देतो, ने फकस्त."

मल्हारीनं वल्हं आडवं ठिवलं. रक्ताची गुळनी पान्यात थुंकली.

"बोट मी इकलीया," म्हनला. "मालकीन ती तितं उभी हाय. तिला इचार."

सार्थकनं मान वळवून दीक्षाकडं बघितलं. दीक्षानं आधी गर्दीकडं हात करून दगड खाली ठिवायला लावले. मग बोटीकडं बघितलं.

"बसू दे त्याला तितंच," ती म्हनली. "सायेब येईपर्यंत. आन् डबा हातात ऱ्हाऊ दे. पानी अजून येतंय."